झाकली वही सव्वा लाखाची

माझ्या एकेचाळिसाव्या स्केचला सगळ्यात जास्त लाइक्स मिळाले आणि तेच स्केच मी रात्री पावणेबाराला घाईघाईने डिलीट केलं. आज त्या डिलीट केलेल्या चित्राबद्दल लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी चित्रकलेच्या कॉलेजची विद्यार्थिनी नाही. माझा विषय स्टॅटिस्टिक्स. शाळेत असताना तुमच्यापैकी अनेकांसारखीच मीही एलिमेंटरी दिली, मग इंटरमिजिएट दिली, 'ए' ग्रेड आली, दहावीला वाढीव मार्क पदरात पडले आणि रंगपेटी माळ्यावर गेली. आपल्याकडे कितीतरी जणांची चित्रकला अशी दहावीच्या मार्कशीटवर येऊन संपते. मार्क मिळाले, काम झालं! पुढे चार-पाच वर्षं मी चित्र म्हणून काढलं ते फक्त जर्नलमधले ग्राफ.

गेल्या वर्षी परीक्षा संपल्यावर एका मैत्रिणीने 'शंभर दिवस, शंभर स्केचेस' असं चॅलेंज घेतलं आणि तिच्या नादाने मीही घेतलं. नियम सोपा होता. रोज एक स्केच काढायचं आणि रोज इन्स्टावर टाकायचं. मी नालासोपाऱ्याला राहते, कॉलेज चर्चगेटला. स्लो गाडी पकडली तर जाऊन-येऊन जवळपास तीन तास हातात असतात. म्हटलं, रील्स बघण्यापेक्षा हे बरं. साठ रुपयांची छोटी वही घेतली, एक काळं जेल पेन घेतलं आणि सुरुवात केली.

पहिले वीस दिवस भयानक होते. गाडी हलते, हात हलतो आणि ज्याचं चित्र काढतोय तो माणूस तर भलत्याच स्टेशनला उठून निघून जातो. माझ्या वहीत अर्धी नाकं आणि धड नसलेली डोकी जमा झाली. एक बाई नुसत्या अंबाड्यापुरत्या उरल्या, कारण तेवढ्यात दादर आलं. पण रोज काढत गेलं की काहीतरी होतं. 'हात बसतो' म्हणतात ते खरं आहे, पण त्याच्याही आधी नजर बसते. उभ्याने झोपलेल्या माणसाचं वजन कोणत्या पायावर आहे हे मला दिसायला लागलं. हँडल धरलेल्या हाताचं मनगट किती वेगवेगळ्या प्रकारे वळतं, गर्दीत लोक पर्स पोटाशी कशी धरतात, दमलेल्या माणसाचे खांदे आधी पडतात की मान, या गोष्टी मी इतकी वर्षं त्याच डब्यातून प्रवास करूनही पाहिल्या नव्हत्या.

साधारण पंचविसाव्या दिवसानंतर गडबड सुरू झाली. कोणतं स्केच 'चालतं' हे मला कळायला लागलं. खिडकीतून पाऊस बघणारी मुलगी चालते. कटिंग चहा चालतो. मांजर कधीही चालते. अर्धं नाक अजिबात चालत नाही. मग मी खिडकीतल्या मुली शोधायला लागले. थेट पेनने काढायची हिंमत करणारी मी आधी पेन्सिलने जपून काढून वर पेन फिरवायला लागले. फोटोत शेजारचं पान खराब दिसू नये म्हणून एक पान सोडून काढायला लागले. थोडक्यात, मी पाट्या टाकायला लागले. फक्त पाट्या सुबक होत्या म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि मग एकेचाळिसावा दिवस आला. दुपारची विरार स्लो होती, डबा बऱ्यापैकी रिकामा. आमच्या डब्यात रोज कानातली, क्लिपा, रबरबँड विकायला येणाऱ्या एक मावशी आहेत. त्या दिवशी त्या कोपऱ्यातल्या सीटवर बसल्या बसल्या झोपून गेल्या होत्या. कानातल्यांचा तो भलामोठा पुठ्ठा त्यांनी मांडीवर उभा धरला होता. झोपेतही त्याच्यावरचा हात सुटला नव्हता. तोंड किंचित उघडं, मान मागे टेकलेली, पायातली चप्पल निसटलेली. बांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत मी त्यांना काढत होते. कित्येक दिवसांनी पेन्सिल न वापरता थेट पेनने काढलं. ते स्केच खरंच चांगलं झालं होतं. आजही माझं मत बदललेलं नाही.

घरी पोहोचायच्या आत मी ते टाकलं. खाली लिहिलं, '२.४७ ची विरार स्लो, लेडीज डबा, आमच्या रोजच्या मावशी.' कुठल्यातरी मोठ्या पेजने ते शेअर केलं आणि माझा फोन थांबायलाच तयार होईना. 'किती रिअल', 'मुंबईचा आत्मा', हात जोडलेले इमोजी, लाल बदाम. रात्री साडेअकराला एका अनोळखी मुलीचा मेसेज आला.

'ताई, ही माझी आई आहे. चित्र छान आहे. पण गाडीची वेळ काढाल का प्लीज? आमच्याकडे लायसन नाही. पकडलं की दंड होतो आणि माल पण जातो. आणि आई झोपलेली असताना सगळ्यांनी बघितलं हे तिला आवडणार नाही.'

लोकलमध्ये परवान्याशिवाय माल विकणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे. तो कायदा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण मी त्या बाईंची गाडी, वेळ, डबा आणि चेहरा असं सगळं एका पोस्टमध्ये जगाला देऊन टाकलं होतं. सुदैवाने पुढे काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्या मेसेजमधलं सगळ्यात जास्त लागलं ते वाक्य म्हणजे 'चित्र छान आहे.'

मी पोस्ट काढली, माफी मागितली आणि चॅलेंज सोडून दिलं. त्यानंतर बरेच दिवस मी एकच विचार करत होते, की माझं नेमकं चुकलं कुठे? चित्र काढण्यात? मला नाही तसं वाटत. त्या अर्ध्या तासात मी त्या मावशींकडे जितकं नीट पाहिलं, तितकं गेल्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडून चार वेळा क्लिपा घेतल्या होत्या, पण त्यांच्या मनगटावर गोंदण आहे हे मला त्या दिवशी कळलं. पाहणं चुकीचं नव्हतं. माझी चूक अशी, की काढणं आणि दाखवणं यांच्यामध्ये माझ्याकडे जागाच उरली नव्हती. पेनचं टोपण लावलं की कॅमेरा उघडायचा. मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. रोज चित्र काढा, पण रोज दाखवू नका.

हे ऐकायला जुनाट वाटेल याची मला कल्पना आहे. पण रोज काढणाऱ्या माणसांच्या वह्या पूर्वी कशा असायच्या ते बघा. मारिओ मिरांडा आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कॅफे असो, एखादं होर्डिंग असो किंवा गोव्यातून आणलेला मग, त्यांची ती टपोऱ्या डोळ्यांची माणसं कुठेही भेटतात. या मारिओंनी तरुणपणी रोजनिशी लिहिली, म्हणजे खरं तर रेखाटली. आज कोण भेटलं, घरी काय झालं, गावात कोणाचं कोणाशी वाजलं, हे सगळं शब्द थोडे आणि चित्रं जास्त अशा पद्धतीने. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या त्यांच्या डायऱ्या नंतर पुस्तकरूपाने आल्या, पण कितीतरी दशकांनी. ती पानं भरत असताना मारिओ विशीत होते. म्हणजे आपल्याच वयाचे. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांची शाळा म्हणजे ती डायरी. आपण हसतो त्या मारिओ-माणसांचा हात त्या पानांवर बसला, आणि तो बसत असताना पानाखाली आकडा मोजणारं कुणी नव्हतं.

दुसरे प्रभाकर बरवे. आधुनिक भारतीय चित्रकलेतलं मोठं नाव, आणि 'कोरा कॅनव्हास' हे मराठीत चित्रविचार मांडणारं महत्त्वाचं पुस्तकही त्यांचं. बरवे अनेक वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. म्हणजे नोकरी सांभाळून चित्रकला. तेही रोजनिश्या ठेवायचे. त्यात स्केचेस, टिपणं, एखाद्या वस्तूबद्दलचा विचार, पुढच्या चित्राची बीजं. घड्याळ, पान, किल्ली, पाकीट अशा साध्यासुध्या वस्तू त्यांच्या चित्रांत येतात आणि अचानक अनोळखी वाटायला लागतात. त्यामागे रोज त्या वस्तूंशी घातलेली झटापट आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा या रोजनिश्याही लोकांना पाहायला मिळाल्या. बरवे गेले १९९५ मध्ये. त्यांच्या हयातीत ती पानं त्यांची स्वतःचीच कार्यशाळा होती.

मला चॅलेंज या प्रकाराबद्दल तक्रार नाही. दर ऑक्टोबरमध्ये जगभर चालणारं 'इंकटोबर' घ्या. २००९ मध्ये जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने ते सुरू केलं ते स्वतःचं शाईकाम सुधारावं म्हणून. ३१ दिवस, ३१ चित्रं. कल्पना सुंदर आहे. शिस्त लावायला, आळस झटकायला अशा गोष्टींचा उपयोग होतोच. मलाही झाला. पण सरावासाठी सुरू झालेली गोष्ट बघता बघता प्रदर्शनाची होते आणि प्रदर्शनात कुणी चुका मांडत नाही. मग चुका करायच्या कुठे?

या प्रश्नाचं उत्तर मला एका लिनोकटच्या वर्कशॉपमध्ये मिळालं. वही बंद करून बसले होते तेव्हा तीच मैत्रीण मला जबरदस्तीने घेऊन गेली. दोन दिवसांचं वर्कशॉप, विषय प्रिंटमेकिंग, म्हणजे मुद्राचित्रण. नाव जड वाटलं तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. बालवाडीत भेंडी आडवी कापून, रंगात बुडवून फुलांचे ठसे उठवले होते ना? बटाट्यात चांदणी कोरली होती ना? तेच. फक्त भेंडीच्या जागी लाकूड, लिनोलियम, जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा, दगड, नाहीतर कापडाची जाळी येते.

लिनोलियम हा मुळात जमिनीवर अंथरायचा प्रकार. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांच्यापासून बनवलेला, खाली तागाचं कापड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तो फरशीसाठी तयार झाला आणि पुढे चित्रकारांच्या लक्षात आलं, की अरे, हे तर लाकडापेक्षा सोपं कोरलं जातं. त्याच्या तुकड्यावर चित्र काढायचं. जे पांढरं राहायला हवं ते कोरून टाकायचं आणि जे काळं हवं ते ठेवायचं. मग रोलरने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि मागून घासायचं. मोठी प्रेस नसली तरी चालतं. आम्ही स्टीलच्या डावाच्या पाठीने घासलं. घरी करायचं तर सुरुवातीला खोडरबरवर करा, आणि हत्यार नेहमी दुसऱ्या हातापासून लांब, पुढच्या दिशेने चालवा. माझ्या डाव्या तर्जनीवर या वाक्याचा पुरावा आहे.

प्रिंटमध्ये दोन गोष्टी तुम्हाला जागेवर आणतात. पहिली, कोरलेलं परत भरता येत नाही. इथे 'अनडू' नाही. दुसरी, सगळं उलटं उमटतं. डावं उजवीकडे जातं, उजवं डावीकडे. तुम्ही कितीही हुशार असा, पहिला ठसा निघेपर्यंत तुम्हाला तुमचंच चित्र कसं दिसणार ते पूर्ण कळलेलं नसतं. म्हणून पहिला कागद उचलताना वर्गातले सगळे गप्प झाले होते. माझा उचलला तेव्हा अर्धा भाग फिका, एका कोपऱ्यात शाईचा लगदा आणि एक रेघ सपशेल गायब. माझा चेहरा पडला. शिकवणारे सर म्हणाले, 'रडतेस कशाला? हे प्रूफ आहे.'

प्रूफ! शब्द ओळखीचा होता. तुम्ही आत्ता वाचताय त्या पानाचंही आधी प्रूफ निघतं, कुणीतरी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढतं आणि मगच ते छपाईला जातं. मुद्राचित्रणात हेच तंत्र शतकानुशतकं चालत आलंय. आधी चाचणीचे ठसे काढायचे. बघायचं, परत कोरायचं, शाई कमी-जास्त करायची, परत ठसा. रेम्ब्रांटने १६५३ मध्ये 'तीन क्रूस' हे चित्र ताम्रपटावर केलं. त्या पत्र्याचे ठसे काढत काढत तो त्यात बदल करत गेला आणि पुढच्या एका टप्प्यात त्याने चित्राचा मोठा भाग इतका बदलला, की दोन ठसे शेजारी ठेवले तर एकाच पत्र्याचे वाटत नाहीत. एवढा मोठा माणूससुद्धा 'थांबा, अजून बघू दे' म्हणत होता.

सगळं मनासारखं झालं की मग एडिशन काढायची. दहा प्रतींची ठरवली तर दहा एकसारख्या प्रती. प्रत्येकीच्या खाली पेन्सिलने १/१०, २/१० असे आकडे आणि सही. तो आकडा म्हणजे चित्रकाराने दिलेला शब्द असतो, की ही माझ्याकडून पूर्ण झालेली गोष्ट आहे आणि हिच्या इतक्याच प्रती आहेत. प्रूफ फेकून देत नाहीत. पण ते एडिशनमध्ये धरतही नाहीत.

मला एकदम लख्ख दिसलं. मी एकेचाळीस दिवस प्रूफ छापून वाटत होते. एडिशन समजून!

आणि हे फक्त चित्रांपुरतं आहे असं मला वाटत नाही. आपली पिढी जवळजवळ सगळंच प्रूफ अवस्थेत प्रसिद्ध करते. अर्धवट मत असो की चार दिवसांचं प्रेम, ताजा राग असो की कालच शिकायला घेतलेली गिटार, सगळं लगेच बाहेर. मग लोकांची जी पहिली प्रतिक्रिया येते त्यावर आपण स्वतःला कोरायला लागतो. आणि कोरलेलं परत भरता येत नाही, हे तर आत्ताच सांगितलं.

प्रयोग करायचे तर झाकलेली जागा लागतेच. सोमनाथ होर यांचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. १९७० च्या दशकात त्यांनी 'वुंड्स', म्हणजे 'जखमा' नावाची मालिका केली. नेहमीसारखी शाई नाही, काळी रेघ नाही. मातीच्या थरावर सुरीने, तापवलेल्या सळईने ओरखडे आणि घाव करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा ओला लगदा दाबून वाळवायचा. हाती येतो तो पांढरा कागद आणि त्याच्या अंगावर पांढरीच जखम. छपाई म्हणजे शाई, हे गृहीतच त्यांनी काढून टाकलं. दुष्काळ आणि हिंसा जवळून पाहिलेल्या माणसाला ते सांगण्यासाठी ही भाषा सापडली. आता कल्पना करा, अशा प्रयोगाचा पहिला फसलेला लगदा संध्याकाळी पोस्ट करायचा आणि खाली कुणीतरी विचारणार, 'हे काय आहे ब्रो?' किती जण दुसऱ्या दिवशी परत लगदा कालवायला बसतील?

आता माझ्याच म्हणण्याला आडवे जाणारे दोन मुद्दे, कारण मैत्रिणीने ते माझ्या तोंडावर मारलेच आहेत.

पहिला मुद्दा पोटाचा. 'तुला सोपंय बोलायला, तू स्टॅटिस्टिक्सवाली. मी दाखवलं नाही तर मला काम कोण देणार?' हे खरं आहे. तिची गेल्या दोन सेमिस्टरची फी लग्नपत्रिकांच्या आणि कॅफेच्या भिंतींच्या कामांतून निघाली आणि ती सगळी कामं तिची पोस्ट बघूनच आली. ज्यांच्या घरात कुणाची गॅलरीत ओळख नाही त्यांच्यासाठी फोन हीच गॅलरी आहे. त्यामुळे 'दाखवूच नका' असा उपदेश मी करणार नाही. पण तिने स्वतः काय केलं ते सांगते. तिने आता दोन वह्या केल्यात. एक दाखवायची, एक झाकायची. झाकल्या वहीत ती हात काढते, कारण तिला हात जमत नाहीत. चार महिने झाले, नुसते हात. त्यातलं एकही पान कुणी पाहिलेलं नाही. परवा तिच्या भिंतीवरच्या चित्रातल्या बाईचे हात बघून कॅफेचा मालक म्हणाला, 'हे एकदम जिवंत वाटतायत.' दाखवायची वही कमावते, पण तिला खायला झाकलेली वही घालते.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. काही चित्रं दाखवायलाच हवीत, झाकली तर तो गुन्हा होईल. चित्तप्रसाद भट्टाचार्य यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात गावोगाव फिरून भुकेल्या माणसांची शाईने रेखाटनं केली. ती 'हंग्री बेंगॉल' नावाने छापली गेली आणि ब्रिटिश सरकारने त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. सरकार घाबरलं ते रेघांना. पुढे चित्तप्रसाद मुंबईत आले आणि अनेक वर्षं अंधेरीत राहिले. रोज माझी गाडी जाते त्याच अंधेरीत. तिथे त्यांनी कष्टकऱ्यांची, आया-मुलांची, राबणाऱ्या पोरांची लिनोकट्स केली. लिनो स्वस्त आणि एका ठोकळ्यातून अनेक प्रती निघतात, म्हणजे चित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात अडकत नाही. मुद्राचित्रणाची खरी ताकद हीच आहे, लोकांपर्यंत पोहोचणं.

मग चित्तप्रसाद यांनी भुकेल्या माणसाचं चित्र छापलं ते बरोबर आणि मी झोपलेल्या मावशींचं टाकलं ते चूक, असं का? मी यावर बराच विचार केलाय. त्यांचं चित्र त्या माणसाच्या बाजूने उभं होतं. त्याची भूक जगापासून लपवली जात होती आणि ती उघडी करणं ही त्याची गरज होती. माझ्या चित्रात मावशींची गरज कुठेच नव्हती. माझ्या शंभर दिवसांतला एक दिवस भरायचा होता, बस. दाखवण्याआधी एवढंच विचारायचं, की यातून कुणाचं काम होणार आहे? ज्याचं चित्र आहे त्याचं की माझं? उत्तर 'माझं' असेल तरी हरकत नाही, पण मग त्याला विचारून घ्या. निदान त्याची गाडी, वेळ आणि पत्ता तरी सांगू नका.

माझ्यापुरते मी आता काही साधे नियम केलेत. वही रोज उघडायची, दहा मिनिटं का होईना. काढलेलं एक महिनाभर कुणाला दाखवायचं नाही. महिन्यानंतर परत बघायचं. गंमत म्हणजे ज्या पानांवर तेव्हा खूश होते ती बहुतेक बोअर वाटतात आणि एखादं अर्धं नाक मात्र भलतंच बोलकं निघतं. त्यातून एखाद्या चित्राचा ठसा करावासा वाटला तर खोडरबर किंवा लिनो घ्यायचा, प्रूफ काढायची आणि पाच-सहाच प्रतींची एडिशन. ती हवी तेवढी मिरवायची! 'ए.आय. दोन सेकंदांत चित्र देतं, तू कशाला कोरत बसतेस?' असं घरी-दारी विचारतात. देतं, मान्य आहे. पण बांद्रा ते बोरिवली एका माणसाकडे बघत बसायचं काम मशीन माझ्यासाठी करून देत नाही, आणि मला चित्रापेक्षा तेच जास्त हवंय.

त्या मावशींशी पुढे काय झालं, हे विचाराल. त्यांच्या मुलीने घरी सगळं सांगितलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी त्या डब्यात दिसल्या तेव्हा मीच उठून गेले. 'मावशी, चुकलं माझं. तुम्हाला न विचारता काढलं.' त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, 'तूच काय ती? मग आता काढ की विचारून.' लगेच पदर नीट केला, केस मागे सारले, पाठ ताठ केली. मी घाबरत घाबरत काढलं. वही हातात घेऊन त्या खो खो हसल्या. 'ही मी नाय गं. ही कोणतरी लग्नाला निघालेली.'

वर्कशॉपनंतर मी त्यांच्या कानातल्यांच्या पुठ्ठ्याचा लिनोकट केला. चेहरा नाही, गाडी नाही. नुसती लटकणारी झुमकी आणि कोपऱ्यात 'कोणतेही १०' ही पाटी. उत्साहाच्या भरात आकडा सरळच कोरला. अर्थात तो उलटा उमटला. मावशींना एक प्रत नेऊन दिली तर त्या बघतच राहिल्या. 'माझ्या दहाचं एक केलंस गं तू! धंदा बुडवशील.' ते प्रूफ होतं. त्यांनी ते तसंच ठेवून घेतलं. आता दुसऱ्या ठोकळ्यावर आकडा उलटा कोरतेय.

उतरण्याआधी त्यांनी विचारलं, 'तो झोपलेला कुठाय?' मी वही काढून एकेचाळिसावं पान उघडलं. त्या बराच वेळ बघत होत्या. मध्ये दोन मुली क्लिपांची किंमत विचारून गेल्या, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

'एवढी दमलेली दिसते होय मी?' त्या म्हणाल्या. मग त्यांनीच वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

'चांगलं काढलंयस. राहू दे तुझ्यापाशी. पण वहीतच.'